लेकरू घोरतंय म्हणजे गाढ झोपलंय? हा समज १८९२ मध्येच खोडून काढणारे डॉक्टर विल्यम ऑस्लर

नागपुरात महाल असो की धरमपेठ, रात्री लेकरू घोरायला लागलं की घरातलं कुणीतरी म्हणतंच, दिवसभर हुंदडून दमलंय, गाढ झोप लागलीय. सकाळी तेच लेकरू उठता उठत नाही. शाळेत जांभया देतं. बाई काही विचारतात तेव्हा भलतीकडेच बघत असतं. मग शेरा ठरलेला असतो. लक्ष देत नाही, आळशी आहे, थोडं ढ आहे.

रात्रीचं घोरणं आणि दिवसाचा हा शेरा यांचा एकमेकांशी संबंध असू शकतो, हे आपल्यापैकी अनेकांच्या डोक्यातही येत नाही.

पण सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी एका डॉक्टरने हे आपल्या पुस्तकात स्वच्छ लिहून ठेवलं होतं. तेव्हा झोप मोजणारं यंत्र नव्हतं. बोटाला चिमटा लावून रक्तातला ऑक्सिजन सांगणारं साधनही नव्हतं. होते ते फक्त डोळे आणि कान.

त्या डॉक्टरांचं नाव सर विल्यम ऑस्लर. आज मेडिकलचे विद्यार्थी वॉर्डात पेशंटच्या खाटेपाशी उभं राहून शिकतात. ही पद्धत उत्तर अमेरिकेत रुजवण्याचं आणि तिथून जगभर नेण्याचं मोठं श्रेय ऑस्लर यांना दिलं जातं.

पाद्र्याचा खोडकर मुलगा

ऑस्लर यांचा जन्म १२ जुलै १८४९ चा. गाव बाँड हेड, कॅनडातल्या आजच्या ओंटारिओ प्रांतातलं. वडील फेदरस्टोन आधी इंग्लंडच्या आरमारात होते, नंतर पाद्री झाले आणि जंगल तोडून नुकत्याच वसलेल्या या वस्त्यांमध्ये आले. नऊ भावंडांमध्ये विल्यम आठवा. आई एलन चांगल्या खमक्या होत्या, त्यांनी वयाची शंभरी गाठली.

विल्यम मात्र एक नंबरचा खोडकर. डंडास गावातल्या शाळेने तर त्याच्या खोड्यांना कंटाळून त्याला काढूनच टाकलं. मोठेपणीही ही खोड गेली नाही. टोपणनाव घेऊन वैद्यकीय मासिकांना भलत्याच रोगांच्या खोट्या हकिगती पाठवायच्या आणि संपादकांची फजिती करायची, हे उद्योग त्यांनी नावाजलेले डॉक्टर झाल्यावरही केले.

पुढे वेस्टनच्या शाळेत त्याला जॉन्सन नावाचे शिक्षक भेटले. तेही पाद्रीच, पण नाद सूक्ष्मदर्शकाचा. डबक्यातलं पाणी आणायचं, शेवाळ आणायचं, काचेवर ठेवायचं आणि तासन् तास बघत बसायचं. एखादी गोष्ट घाई न करता नीट बघायची, ही सवय विल्यमला इथे लागली.

१८६७ मध्ये तो टोरंटोच्या ट्रिनिटी कॉलेजात गेला तो वडिलांसारखं पाद्री व्हायला. पण वर्षभरात त्याने वाट बदलली आणि तो डॉक्टरकीकडे वळला. १८७२ मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातून तो डॉक्टर झाला. पुढची दोन वर्षं लंडन, बर्लिन आणि व्हिएन्ना. लंडनच्या प्रयोगशाळेत त्यांनी रक्तातल्या बारीक कणांवर काम केलं. डेंग्यूमुळे आज घराघरात माहीत झालेल्या प्लेटलेट्स त्या याच.

मॅकगिल हे नाव लक्षात ठेवा. पुढे ते परत येणार आहे.

खाटेपाशी भरणारा वर्ग

१८७४ मध्ये ऑस्लर मॅकगिलमध्येच शिकवायला लागले. मॉन्ट्रियलच्या रुग्णालयात देवीच्या रोग्यांचा वॉर्ड सांभाळायचं काम त्यांच्याकडे आलं. त्यातून मिळालेल्या पैशांचे त्यांनी विद्यार्थ्यांसाठी सूक्ष्मदर्शक घेतले. शेकडो शवविच्छेदनं स्वतः केली. जिवंतपणी पेशंटला जे होत होतं, त्याचं कारण आत नेमकं कुठे होतं, हे ते ताडून बघत.

१८८४ मध्ये ते फिलाडेल्फियाला गेले. मुलांच्या आजारांकडे वेगळं लक्ष द्यायला हवं, हा विचार तेव्हा नवा होता. १८८८ मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना उभी राहिली, तिच्या संस्थापकांमध्ये ऑस्लर होते. नंतर ते तिचे अध्यक्षही झाले. मुलांच्या सेरेब्रल पाल्सीवर त्यांनी १८८९ मध्ये पुस्तक लिहिलं.

त्याच वर्षी बाल्टिमोरमध्ये जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय सुरू झालं आणि ऑस्लर तिथले मुख्य फिजिशियन झाले. तोवर अमेरिकेत पेशंटला हातही न लावता, नुसती व्याख्यानं ऐकून डॉक्टर होता येत असे. ऑस्लर यांनी विद्यार्थ्यांना सरळ वॉर्डात आणलं. आधी बघा, मग ऐका, मग हात लावा, आणि औषधाचा विचार सगळ्यात शेवटी करा, हा त्यांचा क्रम.

ते पुस्तक आणि त्यातलं ते मूल

बाल्टिमोरला मेडिकल कॉलेज सुरू व्हायला पैशाअभावी उशीर होत होता. हातात वेळ होता. त्या वेळात ऑस्लर यांनी वैद्यकशास्त्राचं हजारावर पानांचं पुस्तक एकट्याने लिहून काढलं. ते १८९२ मध्ये आलं आणि नंतर कित्येक वर्षं इंग्रजीतून शिकणाऱ्या डॉक्टरांच्या टेबलावर राहिलं.

या पुस्तकात टॉन्सिल्सच्या जुनाट आजाराचा एक भाग आहे. टॉन्सिल्स वाढल्या की गिळायला त्रास होतो, घसा दुखतो, एवढं लिहूनही भागलं असतं. ऑस्लर तिथे थांबले नाहीत. त्यांनी त्या मुलाची रात्र लिहिली.

मूल तोंड उघडं टाकून झोपतं. झोप शांत नसते. श्वासाचा मोठा, घरघरणारा आवाज येतो. मध्येच श्वास थांबल्यासारखा होतो, हा विराम कधी बराच लांबतो आणि मग एकदम खोल, आवाज करणारा श्वास येतो. कधी कधी मूल गुदमरून दचकून जागं होतं.

मग त्यांनी त्याच मुलाचा दिवस लिहिला. चेहरा सुस्त, तोंड उघडं, नाकपुड्या अरुंद. प्रश्न विचारला तर उत्तर सावकाश येतं. मूल चिडचिडं, घुमं. डोकं दुखतं, अभ्यासात मन लागत नाही. बघणाऱ्याला ते मंदबुद्धीचं वाटतं. दीर्घकाळ श्वासाशी झगडल्यामुळे काही मुलांच्या छातीचा आकारही बदलतो, हेही त्यांनी नोंदवलं.

लक्ष न लागण्याला तेव्हा ॲमस्टरडॅममधल्या एका डॉक्टरने ॲप्रोसेक्सिया असं ग्रीक नाव दिलं होतं. ऑस्लर यांनी त्याचीही दखल घेतली.

आजचा कान-नाक-घशाचा डॉक्टर ही यादी वाचेल तर त्याला ओळखायला क्षणभरही लागणार नाही. याला आज आपण मुलांमधला ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया म्हणतो. सोप्या भाषेत सांगायचं, तर झोपेत श्वासाची वाट पुन्हा पुन्हा अडणं.

पण वाट अडते कुठे?

इथे डेन्मार्कमधल्या एका डॉक्टरांची ओळख करून द्यायला हवी. नाव विल्हेल्म मेयर. कोपनहेगनमध्ये त्यांच्याकडे एक तरुणी आली. कमी ऐकू येतं, नाक सतत बंद, बोलणं नाकात अडकल्यासारखं. मेयर यांनी तोंडातून बोट घालून पडजिभेच्या मागे, वर चाचपून पाहिलं. तिथे मऊ मांसाचा गोळा लागला. त्यांनी त्यासाठी कडीसारखी सुरी बनवून घेतली आणि तो काढला. १८६८ मध्ये त्यांनी यावर लिहिलं. यालाच आज ॲडिनॉइड म्हणतात.

टॉन्सिल्स घशात दोन बाजूंना असतात, तोंड उघडलं की दिसतात. ॲडिनॉइड नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या टोकाला असतं, ते साधं तोंड उघडून दिसत नाही. दोन्ही शरीराच्या पहारेकऱ्यांसारख्या गाठी, जंतूंशी लढणाऱ्या. साधारण २ ते ८ वर्षांच्या वयात श्वासाच्या वाटेच्या मानाने त्या सगळ्यात मोठ्या वाटतात.

जागेपणी घशाचे स्नायू वाट उघडी धरून ठेवतात. झोप लागली की ते सैल पडतात. आधीच अरुंद असलेली वाट मग मिटते. छाती जोर लावते, पण हवा आत जात नाही. ऑक्सिजन उतरतो, मेंदू क्षणभर जागा होतो, वाट उघडते, श्वास येतो. थोड्या वेळाने परत तेच. मुलाला सकाळी यातलं काहीही आठवत नाही. झोपेचे तास पूर्ण झालेले असतात, झोप मात्र झालेली नसते.

म्हणजे हे सगळं पहिल्यांदा ऑस्लर यांनाच दिसलं असं नाही. मेयर होते, इंग्लंडमधले आणि हॉलंडमधलेही डॉक्टर होते. पण सगळे डॉक्टर जे पुस्तक वाचत होते, त्यात रात्र आणि दिवस एकत्र जोडून हे मूल उभं केलं ते ऑस्लर यांनी.

डिकन्सचा लठ्ठ ज्यो

ऑस्लर वाचनाचे वेडे. चार्ल्स डिकन्सच्या पिकविक पेपर्स या १८३६-३७ च्या कादंबरीत ज्यो नावाचा एक लठ्ठ मुलगा आहे. तो उभ्या उभ्या झोपतो आणि घोरतो. पुस्तकाच्या पुढच्या एका आवृत्तीत लठ्ठपणा आणि अनावर झोप यांच्याबद्दल लिहिताना ऑस्लर यांना हा ज्यो आठवला. १९५६ मध्ये अमेरिकन डॉक्टरांनी अशाच एका आजाराला पिकविकियन सिंड्रोम असं नावच दिलं. कादंबरीतल्या पोरावरून पडलेलं आजाराचं नाव, असं उदाहरण विरळाच.

पुस्तकाने उभी केली संस्था, युद्धाने नेला मुलगा

पुस्तकाचा आणखी एक परिणाम कुणाच्या ध्यानीमनी नव्हता. १८९७ मध्ये जॉन रॉकफेलर यांचे सल्लागार फ्रेडरिक गेट्स यांनी ते वाचायला घेतलं. ते डॉक्टर नव्हते. त्यांच्या लक्षात आलं, की आजारांची वर्णनं उत्तम आहेत, पण खात्रीने बरे करता येतील असे रोग फारच थोडे. ऑस्लर यांनी हे लपवलं नव्हतं. त्यातूनच संशोधनासाठी पैसा लावायची कल्पना निघाली आणि १९०१ मध्ये रॉकफेलर इन्स्टिट्यूट उभी राहिली.

१९०५ मध्ये ऑस्लर ऑक्सफर्डला मानाच्या प्राध्यापकपदावर गेले. जाताना केलेल्या भाषणात त्यांनी साठीच्या पुढच्या माणसांना क्लोरोफॉर्म द्यावा, अशा अर्थाची एका कादंबरीवरून सुचलेली थट्टा केली. वर्तमानपत्रांनी ती खरी मानली आणि अमेरिकाभर गदारोळ झाला. खोड्या अशा अंगलट येतात.

ऑक्सफर्डमधला एक किस्सा नेहमी सांगितला जातो. डांग्या खोकल्याने खंगलेलं एक मूल काही खातच नव्हतं. ऑस्लर एका समारंभाला निघाले होते, अंगात विद्यापीठाचा झगमगीत झगा. तसेच ते त्याच्या खोलीत गेले, पीच सोललं, साखर लावून फोडी केल्या आणि हे जादूचं फळ आहे असं सांगत एकेक फोड भरवली. मूल खायला लागलं. मग पुढचे कित्येक दिवस ऑस्लर त्याला भेटायला जाताना मुद्दाम तोच झगा घालून गेले.

मुलांवर इतकी माया असलेल्या या माणसाच्या घरात मात्र मुलं टिकली नाहीत. १८९२ मध्ये त्यांचं ग्रेस यांच्याशी लग्न झालं. पहिला मुलगा आठवडाभरातच गेला. दुसरा रिव्हिअर, १८९५ चा. पहिल्या महायुद्धात तो तोफखान्यात होता. ऑगस्ट १९१७ मध्ये बेल्जियममध्ये तोफगोळ्याने जखमी झाला. ऑस्लर यांचे मित्र आणि त्या काळचे मोठे सर्जन हार्वे कुशिंग नेमके जवळच्या छावणीत होते. डॉक्टरांनी शर्थ केली, पण रिव्हिअर वाचला नाही.

ऑस्लर त्यातून सावरले नाहीत. २९ डिसेंबर १९१९ रोजी न्यूमोनिया आणि त्यातून छातीत झालेल्या पू यामुळे ते गेले. वय ७०. त्यांचा सुमारे ८००० पुस्तकांचा संग्रह मॅकगिलला गेला. त्यांच्या अस्थीही तिथेच, त्यांच्या पुस्तकांच्या सोबतीला आहेत.

मग ते मूल पुन्हा कधी सापडलं?

विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात टॉन्सिल्सची ऑपरेशनं भरमसाट झाली, पण ती मुख्यतः वारंवार सुजणाऱ्या घशासाठी. अँटिबायोटिक्स आल्यावर ती कमी झाली. पुस्तकातलं झोपेत अडखळणारं मूल मागे पडलं.

१९६५ मध्ये फ्रान्स आणि जर्मनीतल्या डॉक्टरांनी मोठ्या माणसांचा झोपेतला थांबणारा श्वास यंत्रावर नोंदवला. मुलांची पाळी आली १९७६ मध्ये. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात क्रिस्तियान गिलेमिनो आणि सहकाऱ्यांनी आठ मुलांमधल्या स्लीप ॲप्नियाची नोंद प्रसिद्ध केली. ऑस्लर यांच्या पुस्तकानंतर तब्बल ८४ वर्षांनी.

आज पक्की तपासणी म्हणजे स्लीप स्टडी. रात्रभर मुलाचा श्वास, छातीची हालचाल, हृदयाचे ठोके, ऑक्सिजन आणि मेंदूच्या लहरी नोंदवतात. मोठ्या माणसांमध्ये तासाला ५ पर्यंत अडथळे चालवून घेतात. मुलांमध्ये तासाला १ पेक्षा जास्त म्हणजे लक्ष द्यायला हवं.

ही तपासणी सगळीकडे होत नाही, महागही असते. म्हणून कोविडमध्ये घरोघरी पोचलेल्या पल्स ऑक्सिमीटरची भावंडं कामी येतात. रात्रभर ऑक्सिजनची नोंद ठेवणारा ऑक्सिमीटर लावायचा आणि तो कितीदा, किती खाली उतरला हे वाचायचं. हे वाचण्याची जी पद्धत जगभर वापरतात, तिचं नाव मॅकगिल ऑक्सिमेट्री स्कोअर. ऑस्लर जिथे शिकले, तेच मॅकगिल.

मात्र या नोंदीत काही सापडलं नाही म्हणजे आजार नाहीच, असं धरून चालत नाही.

नागपुरातल्या घरात हे कसं ओळखायचं?

अंदाज असा आहे, की १०० पैकी १ ते ५ मुलांना हा त्रास असतो. सर्दीत चार दिवस घोरणं वेगळं. सर्दी नसताना आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री घोरणं, मध्ये श्वास थांबणं किंवा गुदमरणं, मान मागे टाकून झोपणं, झोपेत खूप घाम येणं, सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होणं, आणि दिवसा सुस्ती किंवा उलट नुसता धिंगाणा, ही लक्षणं आहेत. होय, धिंगाणाही. अपुरी झोप झालेलं मोठं माणूस पेंगतं, लहान मूल अनेकदा जास्तच उड्या मारतं.

नागपूरकरांसाठी एक अडचण आहे. मार्च ते जून रात्रभर कूलर सुरू असतो, त्या घरघरीत मुलाचा श्वास ऐकूच येत नाही. आवाज तर जातोच, मधली शांतताही कळत नाही. संशय असेल तर मूल झोपल्यावर दोन-तीन रात्री थोडा वेळ कूलर बंद करा आणि पाच मिनिटं जवळ बसा. छाती हलतेय पण आवाज नाही, आणि मग एकदम हिसका, असं दिसलं तर मोबाइलवर व्हिडिओ घ्या. डॉक्टरांना तो खूप उपयोगी पडतो.

मग बालरोगतज्ज्ञ किंवा कान-नाक-घशाचे डॉक्टर गाठा. मेडिकल, मेयो आणि मिहानमधल्या एम्समध्येही हा विभाग आहे.

विदर्भातल्या पालकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. आपल्या भागात सिकलसेल बराच आहे. सिकलसेल असलेल्या मुलांमध्ये स्लीप ॲप्निया जास्त आढळतो, आणि ऑक्सिजन उतरला की त्यांच्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात. अशा मुलाचं घोरणं डॉक्टरांना न विचारताही सांगा. लठ्ठ मुलं आणि डाऊन सिंड्रोम असलेली मुलं यांनाही धोका जास्त.

ऑपरेशन केलं की सगळं ठीक?

बहुतेक मुलांमध्ये पहिला उपाय टॉन्सिल्स आणि ॲडिनॉइड काढणं हाच. अमेरिकेत ५ ते ९ वर्षांच्या ४६४ मुलांवर झालेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. सात महिन्यांनी ऑपरेशन झालेल्यांपैकी ७९ टक्के मुलांची स्लीप स्टडी नॉर्मल आली. नुसती वाट पाहिलेल्यांपैकीही ४६ टक्के मुलांची आली. म्हणजे प्रत्येक मुलाला लगेच टेबलावर घ्यायची गरज नसते. सौम्य त्रासात नाकातल्या औषधी फवाऱ्याने भागू शकतं. कुणाला वजन उतरवावं लागतं, कुणाला रात्री हवेचा दाब देणारा मास्क.

त्याच अभ्यासात लक्ष देण्याच्या चाचणीत दोन्ही गटांत मोठा फरक दिसला नाही. वागणूक, झोप आणि एकूण आनंद मात्र ऑपरेशन झालेल्या मुलांमध्ये जास्त सुधारला. तेव्हा गाठी काढल्या की पोरगं वर्गात पहिलं येईल, अशी आशा धरू नका. पण रात्री श्वास मिळणं हा त्याचा हक्क आहे, आणि तो न मिळाल्याने येणाऱ्या चिडचिडीवर ढ असा शिक्का मारणं हा अन्याय.

ऑस्लर यांनी १८९२ मध्ये सांगितलेली तपासणी आजही सगळ्यात आधी करायची असते, आणि ती दवाखान्यात होत नाही. डॉक्टर मुलाला दिवसा, जागं असताना बघतात. त्याची रात्र फक्त घरच्यांना दिसते. त्यामुळे पुढच्या वेळी शाळेतून तक्रार आली, तर प्रगतिपुस्तकाच्या आधी त्याची झोप बघा.